मामंजींची शेवटची शिकार

"त्या कड्याच्या पोटाला काय दिसतंय, सांग."

मामंजी चढावर मध्येच थांबले होते. मी डोक्यावरचं भाकऱ्यांचं गाठोडं एका हातानं सावरलं, कपाळावरचा पदर जरा मागं सारला आणि वर पाहिलं.

"झाडं हाइत, मामंजी."

"झाडं हाइत ते मलाबी ठावं हाय. झाडांखाली?"

"पिवळं गवत. त्यात एक काळा धोंडा... न्हाई, धोंडा न्हाई. गवा हाय. कान हालला."

"एकलाच?"

"मागं आनखी हाइत. वासरूबी दिसतंय."

"मग खालच्या अंगानं जायाचं," ते म्हणाले आणि काठी टेकत उजवीकडं वळले. "वासरू संगट असलं की गव्याच्या वाटंला जायाचं न्हाई. एकदा ग्येलो हुतो. दुपारपासनं सांज हुईस्तवर हिरड्याच्या झाडावर बसून ऱ्हायलो. खाली गवा, वर मी, आन् बंदूक गवताव पडलेली."

ते स्वतःवरच हसले. मलाही हसू आलं, पण मी पदर तोंडाशी धरला. सासऱ्यासमोर सुनेनं मोठ्यानं हसायचे दिवस नव्हते ते.

कोयनेच्या खोऱ्याच्या अगदी वरच्या टोकाला आमचं गाव. लग्न होऊन उतेकरांच्या घरात आले त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. माझे मालक मुंबईला गोदीत कामाला. घरी मी, सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, आणि मामंजी. रानडुकरं पिकाचा नाश करतात म्हणून सरकारनं मामंजींना परवान्याची बंदूक दिली होती. ठासणीची. एक बार काढला की पुन्हा दारू भरा, छर्रा भरा, ठासा, तोवर जनावर डोंगरापार. पण मामंजींना दुसरा बार कधी लागत नसे. रावजी उतेकरांच्या बंदुकीचा आवाज डोंगरातून आला की गावातल्या बायका पाट्यावर मसाला वाटायला घ्यायच्या. शिकारीवर बंदी यायला अजून बरीच वर्षं होती.

अशा शिकारीला बाई कधी गेली नव्हती. आदल्या रात्री जेवता जेवता मामंजी म्हणाले, "हौसा, उद्या माझ्यासंगं चल. दोन दिसाच्या भाकऱ्या लागतील."

आत्याबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. "सुनेला रानात? लोक काय म्हनतील?"

"लोकांला दुपारी भाकरी लागंल का न्हाई?"

आत्याबाई काही तरी बोलणार होत्या. पण त्यांनी मामंजींच्या तोंडाकडं पाहिलं आणि गप्प बसल्या. त्या एवढ्या लवकर कधी गप्प बसत नसत. मला नवल वाटलं, पण विचारायचं कुणाला?

सकाळी गावाबाहेर सगळे जमले, मामंजींचा काळ्या कुत्राही बरोबर होता, तेव्हा हिंदुराव शेलारांनी मला पाहून डोळे मोठे केले. गावात दुसरी बंदूक होती ती त्यांची. माणूस तोंडाचा तिखट.

"तात्या, शिकारीला चाललोय का सुनंला माहेरी घालवायला?"

रान उठवायला आलेले हाकारे हसले. मामंजी म्हणाले, "तुला भाकरी नगं आसंल तर सांग."

पण त्या दिवशी फार कुणी हसत नव्हतं. आम्ही ज्या डुकराच्या मागावर निघालो होतो ते साधं डुक्कर नव्हतं. मागच्या शिकारीत मामंजींचा बार त्याच्या मागच्या पायाला लागला होता. डुक्कर लंगडत झाडीत शिरलं. दिवस मावळायला आला होता, तेव्हा सगळे म्हणाले, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी उजाडताच हिंदुरावांचा धाकटा भाऊ आनंदा गवत कापायला माळावर गेला, आणि गवतात दबून बसलेलं तेच डुक्कर त्याच्यावर आलं. मांडी उभी फाडली. जीव वाचला, पण पाय वाकेना. गाव म्हणालं, नशीब. मामंजींनी दोन दिवस अन्न घेतलं नाही. आता ते डुक्कर वरच्या घळीत राहत होतं आणि दिवसाढवळ्या नाचणीच्या शेतात उतरत होतं. बायका रानात जायला धजत नव्हत्या.

वर चढताना मामंजी मला सारखं काही ना काही विचारत होते. पल्याडच्या सोंडेवर कोण चाललंय? ओढ्यात पाणी आहे का नुसते दगड? त्या जांभळीच्या डाव्या हाताला वाट फुटते ती दिसते का? मी सांगत होते आणि मनातून फुलत होते. मला वाटलं, मामंजी मला रान शिकवतायत. माझ्या बापानंसुद्धा मला कधी असं जवळ घेऊन काही शिकवलं नव्हतं.

आणि मधूनमधून ते आपल्या चुका सांगत होते.

"धुकं पडलं की हाय तिथं बसायचं. ओढ्याच्या कडंकडंनं खाली उतराय बघायचं न्हाई. तरणा हुतो तवा म्हटलं, पानी खालीच जातंय, गावातच जाईल. पानी ग्येलं गावात. मी ग्येलो कड्याच्या टोकाव. खाली बघितलं तर नुसतं आभाळ. वर चढवंना, खाली उतरवंना. थंडीत दात वाजवत रात काढली."

थोडं पुढं गेल्यावर, "भरली बंदूक झाडाला टेकवून पानी प्यायला बसू नये. कुत्र्यानं शेपूट हालवलं, बंदूक पडली, आन् माझा पटका उडाला. डोकं ऱ्हायलं ते देवाची किरपा."

"आत्याबाईंना ठावं हाय?"

"पटक्याला भोक कशानं पडलं म्हनून तिनं इचारलं. म्हटलं, उंदरानं."

या वेळी मला हसू आवरलं नाही. ते रागावले नाहीत. म्हणाले, "ह्या डोंगरात मी जे शिकलो ते चुकून चुकूनच शिकलो, पोरी. शान्यासारखं शिकलो आसं एकबी न्हाई."

दुपार कलल्यावर आम्ही घळीच्या अलीकडच्या कपारीपाशी पोचलो. मोठी उथळ गुहाच म्हणा. शेजारी झरा होता. रात्र तिथं काढायची आणि सकाळी वारा पडलेला असताना हाका करायचा असं ठरलं होतं. हाकारे लाकडं गोळा करायला पांगले. हिंदुराव दोघांना घेऊन घळीचं तोंड बघायला गेले. मी भाकऱ्या सोडत होते.

मामंजी झऱ्याकडं तोंड करून बसले होते. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पुढं धरला आणि चुचकारलं.

"ये काळ्या, ये. घे."

मी पाहिलं. समोर वणव्यात जळालेलं एक खोड होतं. काळंभोर, बसल्या कुत्र्याएवढं. काळ्या कुत्रा तर माझ्या पाठीमागं पाय पसरून झोपला होता.

"ये की रं. दमलास व्हय?"

माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली. सकाळपासूनचं सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. कड्यावर काय दिसतंय, ओढ्यात पाणी आहे का, वाट कुठं फुटते. ते मला शिकवत नव्हते. त्यांना दिसतच नव्हतं. ताटातलं मीठ ते बोटांनी चाचपून शोधायचे ते आठवलं. आत्याबाई गप्प का बसल्या तेही उमगलं.

मी हळूच काळ्याला ढोसलं. तो उठला, जाऊन मामंजींच्या हातातला तुकडा घेतला. मामंजींचा हात जरासा दचकला, कारण कुत्रा समोरून नाही, बाजूनं आला होता.

त्यांनी कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवला. मी पाहिलंय हे त्यांना कळलं होतं.

दिवस डोंगराआड जायच्या वेळी मी झऱ्यावर पाणी भरायला गेले, तेव्हा ते तिथं पाय धूत बसले होते. आसपास कुणी नव्हतं. मी घागर ठेवली. बोलू की नको असं झालं. सुनेनं सासऱ्याला असं काही बोलणं म्हणजे... पण उद्या सकाळी हाका होता आणि समोर माणसं असणार होती.

"मामंजी, आज तुमी एवढ्या चुका सांगितल्या," मी म्हटलं. "एक ऱ्हायली."

"कंची?"

"आनंदाभावजींची."

ते पाण्यात पाय सोडून तसेच बसले. पाणी पायांवरून वाहत होतं. मग म्हणाले, "दोन डुकरं दिसली मला. खरं एकच हुतं. मधल्या मोकळ्या जागंत बार घातला म्हन की. जनावराच्या पायाला लागला ते त्याचं दुर्दैव, आन् आनंदाचं."

"कवापासनं असं हाय?"

"गेल्या दिवाळीपासनं धूर धूर दिसतंय."

"मग सांगितलं का न्हाई कुनाला?"

त्यांनी हातातली काठी पाण्यात उगाच फिरवली. "बंदूक ग्येली म्हंजे रावजी ऱ्हातो कुठं, हौसा?"

मी घागर झऱ्याखाली धरली.

"उद्याचा एक दिस," ते म्हणाले. "ते जनावर माझ्या हातनं अर्धं ऱ्हायलंय. तेवढं निस्तरू दे. मग मी सोता सांगीन."

तिथंच मी नाही म्हणायला हवं होतं असं कुणी आज म्हणेल. पण त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मी म्हटलं, "मग उद्या मी बघनार. मी सांगीन तवाच बार काढायचा. मी थांबा म्हटलं की थांबायचं."

"सुनंनं सांगायचं आन् सासऱ्यानं ऐकायचं?"

"व्हय."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "बरं," म्हणाले आणि पाय पुसायला लागले.

सकाळी दव इतकं होतं की लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. घळ वरून रुंद आणि खाली अरुंद होती, गाळणीसारखी. वरून हाकाऱ्यांनी डबे बडवत उतरायचं आणि खालच्या तोंडाशी डुक्कर बाहेर पडेल तेव्हा त्याला गाठायचं. एका बाजूला मोठ्या धोंड्याआड मामंजी आणि मी. समोरच्या सोंडेवर जरा उंच हिंदुराव. जागा मामंजींनीच ठरवल्या. त्यांनी मूठभर वाळकं गवत चुरून वाऱ्यावर सोडलं आणि नुसत्या गालानं वारा ओळखला. त्या कामाला डोळे लागत नव्हते.

वर डबे वाजायला लागले. आरोळ्या उठल्या. कारवीच्या दाट झाडोऱ्यातून रानकोंबडा फडफडत डोक्यावरून गेला. मामंजींनी बंदूक खांद्याला लावली.

"काय दिसतंय?"

"अजून काय न्हाई."

आवाज जवळ आला. मग एकदम समोरची कारवी हलली. एका जागी नाही, दोन जागी. एक हालचाल डावीकडं खाली, एक उजवीकडं वर. पानांआड काळं काही तरी दिसायचं आणि जायचं.

समोरच्या सोंडेवरून हिंदुराव ओरडले, "तात्या! तुमच्या म्होरंच हाय! मारा! मारा!"

मामंजींनी कारवीतल्या सळसळीच्या रोखानं बंदूक वळवली. उजवीकडं. वर. घोडा मागं ओढल्याचा खटका मी ऐकला. मी त्या काळ्याकडं पाहिलं. पानं बाजूला झाली, पुन्हा मिटली. केस होते का? का घोंगडी होती? मला सांगता येत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की मला सांगता येत नाही.

"हौसा?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"मारा की!" हिंदुराव पुन्हा ओरडले.

"थांबा!" मी ओरडले. आयुष्यात एवढ्या मोठ्यानं मी कधी ओरडले नव्हते. "मामंजी, थांबा!"

नळी जागच्या जागी थिजली. आणि त्याच क्षणी डावीकडची कारवी फोडून डुक्कर बाहेर आलं. अंगावर राठ केस, मागचा पाय लोंबता, तोंडाला फेस. आमच्यापासून हाताच्या अंतरावरून म्हणावं असं ते धडधडत गेलं, त्याच्या कुजलेल्या जखमेचा वास आला, आणि खिंडीकडच्या चढानं झाडीत दिसेनासं झालं. हिंदुरावांना मध्ये धोंडा आल्यामुळं बार काढता आला नाही.

मग उजवीकडची कारवी बाजूला झाली आणि दोन हाकारे बाहेर आले. रांग सोडून, जवळच्या वाटेनं ते पुढं उतरले होते. त्यातल्या एकाच्या डोक्यावर काळी घोंगडी होती. "तात्या, आमी!" एवढं म्हणून तो नळीकडं बघत उभाच राहिला.

हिंदुराव सोंडेवरून धावतच खाली आले. त्यांना ते दोघं कुठून आले हे दिसलं नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं होतं की हातात आलेलं जनावर गेलं.

"का न्हाई मारलं? तात्या, तुमच्या म्होरनं गेलं त्ये! माझ्या भावाचा पाय खाल्लेलं जनावर! वरडलं कोन?"

सगळे हाकारे भोवती गोळा झाले. मामंजींची बंदूक अजून खांद्यालाच होती. मी त्यांच्याकडं पाहिलं आणि माझं मन ठरलं. खोऱ्यात या माणसाचं नाव आहे. माझं काय आहे? बाई घाबरली, बाई ओरडली, डुक्कर गेलं. चार दिवस बोलतील, शिमग्यापर्यंत विसरतील.

"मी वरडले," मी म्हटलं. "माझं चुकलं. भ्याले मी."

"तरी सांगत हुतो!" हिंदुराव कडाडले. "बाईमाणूस रानात आनू नगा! आता परत कवा घावायचं त्ये?"

मी मान खाली घातली. कुणी तरी हळूच म्हणालं, "चुलीम्होरं बसायचं सोडून..."

"हौसा, खोटं बोलू नगं."

मामंजींनी बंदूक खाली घेतली. घोडा अंगठ्यानं जपून खाली बसवला, बार पेटवायची तांब्याची टोपी काढून कनवटीला लावली. सगळं बोटांनी, न बघता. मग ते त्या घोंगडीवाल्याच्या दिशेनं वळले.

"माझी नळी कुठं रोखली हुती, सांग ह्यांना."

त्यानं डोक्यावरची घोंगडी खाली ओढली. "तात्या... आमच्यावर."

"मोठ्यानं सांग."

"आमच्यावर रोखली हुती."

बाकीचे हाकारे एकमेकांकडं बघायला लागले.

"तिनं थांब म्हटलं नसतं तर मी बार काढला हुता," मामंजी म्हणाले. "मला तुमी दोघं दिसलाच न्हाई. डुक्करबी दिसलं न्हाई. हिंदुराव, तू हितं उभा हाइस ते मला तुझ्या आवाजावरनं कळतंय. तोंड दिसत न्हाई तुझं. गेल्या दिवाळीपासनं माझी नजर ग्येलीय. मागच्या शिकारीला ते जनावर अर्धं जखमी झालं ते माझ्यामुळं. आन् आनंदाचा पाय ग्येला तो डुकरामुळं न्हाई, माझ्यामुळं ग्येला."

हिंदुराव दोन पावलं पुढं आले. मला वाटलं आता हात उगारतात. काळ्या गुरगुरला.

"माझा भाऊ खाटंला खिळलाय," ते म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता. "रोज तुमी त्याच्या उशाशी येऊन बसता. त्याला काढा पाजता. आन् तुमी गप बसला?"

"गप बसलो."

"का?"

मामंजी म्हणाले, "लाज."

एवढा एकच शब्द. त्याच्या मागं-पुढं त्यांनी काही लावलं नाही. नशीब म्हटलं नाही, म्हातारपण म्हटलं नाही. मी मान वर केली. खाली घालून उभं राहायचं मला काही कारणच उरलं नव्हतं. माझ्या मालकांना मुंबईला मी हे कसं सांगेन असा विचार मनात आला आणि वाटलं, ताठ मानेनं सांगेन.

हिंदुराव एका दगडावर बसले. त्यांनी पटका काढून तोंड पुसलं. मग उठले.

"त्या जनावराचं काय करायचं, बोला. आज सोडलं तर उद्या आनखी कुनाच्या अंगावर जाईल."

"आज सोडायचं न्हाई," मामंजी म्हणाले. "त्या दिवशी सोडलं ही दुसरी चूक. हौसा, कुठल्या अंगानं ग्येलं?"

"खिंडीकडं. चढानं."

"खिंडीत हाय काय? उघडा कातळ. त्याला ताप आलाय, अंगाची आग झालीय. त्ये कातळावर जानार न्हाई, चिखलाकडं वळंल. डाव्या हाताला पानथळ हाय. नेच्यात जाऊन पडलं आसंल. हाकारा करू नगा. डबे हितंच ठेवा. सगळे माझ्या मागं ऱ्हावा, कुनी रांग सोडायची न्हाई. हिंदुराव, बार तू काढायचा. बघंल ही."

"वहिनी?"

"तिची नजर सकाळपासनं चुकली न्हाई."

हिंदुरावांनी माझ्याकडं पाहिलं. मग मान डोलावली.

आम्ही वाऱ्याला तोंड करून गेलो. मामंजी माझ्या लगेच मागं, काठीनं पुढचा दगड चाचपत. पाणथळाच्या काठी नेचा कमरेएवढा वाढला होता. सगळं हिरवं, सगळं सारखं. मी उभी राहिले आणि बघत राहिले. हिंदुराव माझ्या शेजारी गुडघ्यावर बसले, बंदूक तयार. त्यांनी घाई केली नाही. एकदाही मारू का म्हणाले नाहीत.

आधी माश्या दिसल्या. एका जागी घोंगावत होत्या. मग त्यांच्याखाली नेच्याचं एक पान हललं, बाकीची पानं स्थिर असताना. आणि मग मला कान दिसला. टोकाला फाटलेला, राठ केसांचा. त्याच्याखाली डोळा.

"कान दिसतोय," मी हळू म्हटलं. "डुकराचाच. वाळक्या फांदीच्या खाली. तोंड आपल्याकडं हाय."

"मागं कोन?" हिंदुरावांनी विचारलं.

"कुनी न्हाई. सगळे आपल्या मागं हाइत."

"नक्की?"

मी वळून माणसं पाहिली. एकेक तोंड पाहिलं. "नक्की."

डुक्कर उठलं. ते पळायला नाही, आमच्यावर यायला उठलं होतं. हिंदुरावांचा बार झाला, सगळं पाणथळ धुरानं भरलं. धूर विरला तेव्हा ते नेच्यावर आडवं पडलं होतं. मामंजींनी विचारलं, "निवलं?" मी म्हटलं, "निवलं." त्यांनी पटका काढला.

जखम सडलेली, म्हणून मांस कुणी घेतलं नाही. तिथंच खड्डा करून पुरलं. रावजी उतेकर डोंगरातून मोकळ्या हातानं परत आल्याचं गावानं पहिल्यांदाच पाहिलं असेल.

उतरताना मामंजींनी काठीचं एक टोक मला धरायला दिलं, दुसरं आपण धरलं. मामंजींची टोपी काढलेली बंदूक माझ्या खांद्यावर. पुढं मी, मागं ते. "हितं पायरी हाय, मामंजी." "हितं मुळी." ते म्हणायचे, "हं." हिंदुराव सगळ्यांच्या पुढं, एकटे चालले होते. पण अवघड जागा आली की थांबायचे, आम्ही पार झालो की पुन्हा निघायचे.

गावकूस दिसलं. देवळाच्या पारावर माणसं बसली होती. आत्याबाई बायकांत उभ्या होत्या. मी थांबले. काठी सोडली, डोक्यावरून पदर ओढला आणि रिवाजाप्रमाणं मामंजींच्या मागं जाऊन उभी राहिले.

"का थांबलीस?" त्यांनी विचारलं.

"गाव आलं, मामंजी."

"मग? गाव आलं म्हनून मला दिसाय लागलं व्हय?" हे ते मुद्दाम मोठ्यानं बोलले. पारावरच्या सगळ्यांना ऐकू जावं असं. "व्हो म्होरं. आन् घरी न्हाई. आधी आनंदाच्या दारात ने मला."

मी काठी धरली. भर गावातून, सासऱ्याच्या पुढं, खांद्यावर बंदूक घेऊन मी चालले. पदर सरकला तो मी सावरला नाही. कुणी तरी उठून उभं राहिलं, मग दुसरंही कुणी उठलं, ते बंदुकीसाठी का मामंजींसाठी ते मला आजवर ठाऊक नाही. आत्याबाईंनी एकदा आमच्याकडं पाहिलं आणि बायकांना बाजूला सारून वाट करून दिली.

शेलारांच्या ओटीवर आनंदाची खाट होती. बाराचा आवाज त्यानं गावातून ऐकला असणार. तो कोपरावर उठून बसला.

"तात्या? घावलं का जनावर?"

"घावलं. हिंदुरावानं मारलं." मामंजी अंगणात उभे राहिले. पुढं पाऊल टाकलं नाही. त्यांनी पटका काढून हातात घेतला आणि डोंगरात सांगितलं होतं तेच सगळं, तसंच, पुन्हा सांगितलं. नजरेचं, त्या बाराचं, गप्प बसल्याचं. या वेळी ऐकायला अख्खं गाव होतं.

आनंदा ऐकत होता. त्याचा हात मांडीवरच्या फडक्यावर होता. हिंदुराव भिंतीला टेकून उभे होते, त्यांनी भावाकडं पाहिलं नाही. मामंजींचं बोलून झालं तसे आनंदाचे डोळे भरून आले, मग कोरडे झाले. त्यानं आधी मामंजींकडं पाहिलं, मग माझ्या हातातल्या काठीकडं, आणि मग माझ्याकडं.

"आत या," तो म्हणाला. "वहिनी, उंबरा उंच हाय. सांगा त्यांना."